पलीकडच्या काठावरची गर्दी

केदुंगलो गावाच्या कचेरीत रंगीत प्रिंटर आल्याचं मार्दियोला सकाळी चहा पिताना कळलं, आणि तीन चमचे साखर घातलेला चहा त्याला कडू लागला.

तसं पाहिलं तर त्या प्रिंटरशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो शेजारच्या सुंबरलेगी गावाचा नियोजन कारकून. त्याच्याही कचेरीत प्रिंटर होता. तो फक्त काळं छापायचा, आणि मनात नसलं तर तेही छापायचा नाही. पण केदुंगलोचा नियोजन कारकून होता सुगेंग, आणि सुगेंगला जे जे मिळायचं ते ते मार्दियोच्या डोळ्यांत सलायचं. आधी सुगेंगच्या गावाला जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. मग सिमेंटचा पूल मिळाला. आता प्रिंटर.

त्यातला पूल सगळ्यात जास्त सलायचा. दोन्ही गावं नदीच्या एकाच काठावर, आणि दोघांचं मिळून असलेलं कब्रस्तान पलीकडच्या काठावर, सुंबरलेगीच्या अगदी समोर. पूर्वी सुंबरलेगीहून तिकडे जायला बांबूचा पूल होता. तो एका पुरात गेला. त्याच वर्षी मार्दियोची बायको लास्त्री वारली. तिला नेतानासुद्धा केदुंगलोचा वळसा घालून न्यावं लागलं. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मार्दियो पानात फुलं बांधून तिच्या कबरीवर जायचा. समोर दिसणाऱ्या जागी जायला आधी केदुंगलोपर्यंत चालायचं, सुगेंगचा पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने तेवढंच मागे यायचं.

आणि पुलाच्या तोंडाशीच सुगेंगचं घर. ओसरीवर सुगेंग लवंगी सिगारेट ओढत बसलेला.

"या ना, पाक मार्दियो! कॉफी घेऊन जा!" नावाआधी मानाचं "पाक" लावून तो हाक मारायचा.

"पुढच्या खेपेला, पाक सुगेंग."

"दर गुरुवारी आपली पुढचीच खेप!"

बोलावणाऱ्याने बोलवायचं आणि जाणाऱ्याने हसून नाही म्हणायचं, ही आमच्या जावा बेटावरची रीत. खरंच कुणी आत शिरलं तर घरच्यांची तारांबळ उडेल. पण मार्दियोला त्या बोलावण्यात पुलाचा तोरा ऐकू यायचा. त्याहून वाईट म्हणजे पाठोपाठ आतून सुगेंगच्या पत्नी, म्हणजे बू सुगेंग, ओरडायच्या, "अहो, टोपी घाला! उघड्या डोक्याने बसताय, मग रात्रभर खोकाल आणि मला जागवाल!" ते ऐकलं की मार्दियोची चाल भरभर व्हायची.

पुलासाठी त्याने अर्ज केले नव्हते असं नाही. पहिल्या अर्जात त्याने लिहिलं होतं, "पूल वाहून गेला. पूल द्यावा." त्याच्या मते यात सगळं आलं होतं. पण जिल्ह्याने तोवर नवी पद्धत आणली होती. कामगिरी दाखवा आणि निधी घ्या. अर्ज परत आला. शेरा होता, "फलित काय?"

मार्दियोने लिहिलं, "लोक पलीकडे जातील."

तोही परत आला. "किती लोक? किती वेळा? त्यामुळे त्यांच्या जीवनात कोणता मोजता येईल असा बदल होईल?"

मार्दियो त्या दिवशी कागदापुढे बराच वेळ बसला. बदल काय होईल हे त्याला नेमकं माहीत होतं. फुलं कोमेजायच्या आत लास्त्रीकडे पोचता येईल. पण हे कुठल्या रकान्यात बसतं ते त्याला कळेना. त्याने ते लिहिलं, खोडलं, आणि कागद घडी करून खिशात घातला.

सुगेंगला असली अडचण कधी यायचीच नाही. त्याने पाच वर्षांचा आराखडा केला होता. त्यात दूरदृष्टी होती, ध्येय होतं, निर्देशक होते आणि चार रंगांचे चढते बाण होते. तो आराखडा कचेरीच्या भिंतीवर लावला होता आणि आलेला पाहुणा आधी त्याच्यापुढे उभा केला जायचा. "बाण सगळे वरच कसे जातात हो?" असं मार्दियोने एकदा विचारलं, तर सुगेंग म्हणाला, "पाक मार्दियो, खाली जाणाऱ्या बाणाला कोण पैसे देईल?"

शेवटी एकदा मार्दियोचा तसाच पडून राहिलेला अर्ज पुढे सरकला. जिल्ह्याच्या नियोजन कचेरीतून बू रेत्नो नावाच्या बाई पाहणीला येणार होत्या. गुरुवारी सकाळी आठ वाजता पुलाच्या जागी उभं राहायचं, तासाभरात किती लोक पलीकडे जायला येतात ते मोजायचं, आणि त्यावर निर्णय. केदुंगलोचा पूलही असाच मोजून मिळाला होता.

"किती आले होते त्यांच्याकडे?" मार्दियोने गावप्रमुखांना विचारलं.

"दीडशे म्हणतात."

"मग आपल्याकडे दोनशे पाहिजेत."

"अहो, पूल मिळाला म्हणजे झालं ना? दोनशे कशाला?"

"दीडशेपेक्षा जास्त म्हणून," मार्दियो म्हणाला.

बुधवारी तो घरोघर फिरला. "उद्या आठ वाजता नदीवर या. नाश्त्याचा डबा मिळेल." प्रत्येक घरातून उत्तर आलं, "हो हो, येणार ना! नक्की!" मार्दियो खूश झाला आणि तिसऱ्या गल्लीत पोचल्यावर घाबरला. कारण तो स्वतः याच गावचा होता. आमच्याकडे "नाही" म्हणणं उद्धटपणाचं, म्हणून "हो" हा शब्द दोन्ही कामांना वापरतात. एवढ्या उत्साहाने "हो" म्हणणारा माणूस उद्या घराबाहेर पडणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

म्हणून संध्याकाळी तो मशिदीत म्बाह कासिदींकडे गेला. म्हाताऱ्या कासिदींना सगळे म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत, आणि त्यांच्या ताब्यात मशिदीचा भोंगा होता. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता आणि तो दोन्ही गावांत पोचायचा.

"म्बाह, उद्या पहाटेच्या नमाजानंतर भोंग्यावरून सांगाल का? आठ वाजता सगळ्यांनी कब्रस्तानाच्या वाटेवर, नदीच्या अलीकडे जमायचं. माझ्या नावाने सांगा. म्हणावं, मार्दियोचं काम आहे, कुणी मागे राहू नका."

"सांगतो."

"लक्षात राहील ना, म्बाह?"

"बाळा, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी या भोंग्यावर बोलतोय."

हे मात्र खरं होतं. फक्त एक गोष्ट मार्दियोच्या ध्यानात आली नाही. त्या सगळ्या वर्षांत नमाजाखेरीज कासिदी त्या भोंग्यावरून एकच बातमी सांगत आले होते.

गुरुवारी पहाटेच्या आधीच मार्दियो मोटरसायकलवर तालुक्याला निघाला. नाश्त्याचे डबे घ्यायचे होते आणि बू रेत्नोंच्या गाडीला वाट दाखवायची होती. मोठ्या बाईंसमोर खिशात फोन वाजला तर बरं दिसणार नाही, म्हणून त्याने फोनचा आवाज बंद केला. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे चेहराही जवळपास सदऱ्याच्याच रंगाचा झाला होता.

आठला दहा कमी असताना दोघं नदीच्या काठावर पोचले. तिथे एक बकरी होती.

"इथेच ना?" बू रेत्नोंनी विचारलं. तरुण बाई, डोक्याला नीट पिन लावलेला रुमाल, आणि हातात अंगठ्याने दाबून मोजायचं छोटं यंत्र.

"इथेच. येतीलच आता सगळे."

सव्वाआठ झाले. बकरी निघून गेली.

"आमचे लोक जरा..." मार्दियो चाचरत म्हणाला, "शिस्तीचे आहेत. एकदम येतील."

"पाक, तिकडे काय चाललंय?" बू रेत्नोंनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

मार्दियोने पाहिलं. पलीकडे, कब्रस्तानाच्या फाटकापासून चाफ्याच्या झाडापर्यंत, माणसंच माणसं होती. डोक्यावर काळ्या टोप्या, बायकांच्या हातात तांदळाची टोपली. काल "हो हो" म्हणालेले झाडून सगळे तिथे होते. केदुंगलोचेही होते. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये, हातात ध्वनिक्षेपक घेऊन, सुगेंग उभा होता.

मार्दियो पाण्याच्या कडेपर्यंत गेला. माझा दिवस, माझी गर्दी, माझी मोजणी, आणि तिकडे भाषण कोण करतंय तर हा! याने माझे लोक फोडले. कशासाठी? त्याला आता दुसरा पूल पाहिजे असणार!

वाऱ्यावर सुगेंगचा आवाज तुटक तुटक येत होता. "...असा साधा माणूस होणे नाही... आराखडा त्याला कधी जमला नाही... पण मन मोठं..."

कोणाबद्दल बोलतोय ते मार्दियोला कळलं नाही. पण "आराखडा" हा शब्द कळला आणि "जमला नाही" हेही कळलं. तेवढं त्याला पुरलं.

"बाई, तुम्ही थांबा इथेच," तो म्हणाला आणि सदऱ्यासकट नदीत शिरला.

उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी कंबरेएवढं होतं. मधोमध त्याचा पाय शेवाळावर घसरला आणि तो डोक्यापर्यंत बुडून वर आला. केस कपाळाला चिकटले, पांढरा सदरा अंगाला चिकटला, कानात पाणवेल अडकली. तसाच तो पलीकडच्या काठावर चढला, चाफ्याच्या झाडाआडून बाहेर आला आणि ओरडला, "सुगेंग! माझ्या माणसांना इथे का आणलंस?"

पुढे काय झालं ते एका वाक्यात सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम झालं. तांदळाची टोपली उडाली. गावप्रमुख एका कबरीमागे बसले. बायकांनी अशी किंकाळी फोडली की पलीकडे बू रेत्नोंचा अंगठा आपोआप यंत्रावर दाबला गेला. सुगेंगच्या हातातून ध्वनिक्षेपक गळाला आणि कर्कश शिटी घालत लोळू लागला. फक्त म्बाह कासिदी जागचे हलले नाहीत. ते दोन पावलं पुढे आले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "मार्दियो, अंघोळ तू स्वतःच करून आलास होय?"

"कसली अंघोळ? म्बाह, हे सगळं काय आहे?"

"तुझी मयत आहे."

"माझी?"

"मीच तर मयतीची दुआ म्हणून सांगितलं पहाटे भोंग्यावरून. इन्ना लिल्लाही, पाक मार्दियो, आठ वाजता कब्रस्तानात, कुणी मागे राहू नका."

"मी तुम्हाला पुलाच्या कामाचं सांगायला सांगितलं होतं!"

कासिदी जरा विचारात पडले. "हो, तसंच सांगायचं होतं. पण माझ्या तोंडातून माणसाचं नाव निघालं आणि त्यामागून कब्रस्तान निघालं, की बाकीचं आपोआप येतं बाळा. सुईमागून दोरा यावा तसं."

मग एकेकाला कंठ फुटला. "मी तुमच्या घरी गेलो तर कुलूप!" "मी तुम्हाला अंधारात तालुक्याकडे जाताना बघितलं, चेहरा पांढराफटक. म्हटलं, इस्पितळात चाललेत, तिथेच गेले असतील." "फोन केला तर वाजतोय, पण उचलत कुणी नाही. तेव्हा खात्रीच पटली!" "म्हटलं, बायकोमागे झुरून गेले बिचारे." शेवटचं वाक्य बोलणारी बाई लगेच तोंडावर पदर धरून मागे सरकली.

मार्दियोने सुगेंगकडे पाहिलं. सुगेंगचे डोळे लाल होते आणि नाक वाहत होतं. टोपी डोक्यावर नीट होती, बू सुगेंग बाजूलाच होत्या.

"मेल्यावरसुद्धा आराखडा काढलाच माझा!" मार्दियो म्हणाला.

"लोक ताटकळले होते, बॉडी येईना. काहीतरी बोलायला नको?" सुगेंग नाक पुसत म्हणाला. "आणि मन मोठं म्हणालो ते नाही ऐकलंत?"

मार्दियोला त्यावर काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. पण तेवढ्यात त्याचं लक्ष सुगेंगच्या मागे गेलं. लास्त्रीच्या कबरीशेजारी ताजी माती उपसलेली होती. खड्डा नीट खणला होता, कडा सरळ. तिच्या बाजूने मुद्दाम जरा जवळ घेतला होता. मार्दियो त्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

"मापात आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"बुजवावा लागेल," म्बाह कासिदी म्हणाले. "खणलेला खड्डा उपाशी ठेवायचा नाही. केळीचा खांब आणा."

केळीचा खांब आणला. मार्दियोच्या जागी त्याला रीतसर निजवून माती लोटली. आता प्रश्न उरला बांबूंचा. खड्ड्यावर घालायला आणि तिरडीला म्हणून दोन्ही गावच्या लोकांनी चढाओढीने बांबू तोडून आणले होते. त्यांचा ढीग पडला होता. आणि मयतासाठी तोडलेला बांबू परत घरी नेला तर तो दुसरं मयत मागतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत.

"इथेच टाकून जावं लागेल," गावप्रमुख म्हणाले.

"चांगले बांबू आहेत हो," कुणीतरी हळहळलं. "पूल होईल यात."

सगळे नदीकडे बघू लागले.

दुपारपर्यंत पूल झाला. माणसं होती, कोयते होते, दोरखंड होते, आणि मयतासाठी कामाचा खाडा केलेलाच होता. जिवंत माणसाने घरोघर फिरून बोलावलं तर एक बकरी आली होती. मेलेल्या माणसाला कुणाला बोलवावंही लागलं नव्हतं. नाश्त्याचे डबे सगळ्यांना वाटले. सुगेंग काठावर उभा राहून "डावीकडून उचला, डावीकडून!" असं सांगत होता, आणि ते बरोबर असल्यामुळे मार्दियोला फार त्रास झाला.

बू रेत्नो तोवर वळसा घालून पलीकडे आल्या होत्या. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या. "इथे कसे आलात?"

"केदुंगलोच्या पुलावरून."

यंत्राचा आवाज व्हायचा. पुढचा माणूस. "केदुंगलोच्या पुलावरून." पुन्हा आवाज. मार्दियो त्यांच्यामागे फिरून सांगत होता, "बाई, पण त्यांना वळसा पडला ना! तेच तर म्हणतोय मी!" बू रेत्नो गोड हसून "हो हो" म्हणाल्या. त्याही आमच्याकडच्याच होत्या.

महिन्याभराने अहवाल आला. मार्दियोने तो कचेरीत उभ्यानेच वाचला. पाहणीच्या तासात सुंबरलेगीच्या जागेवरून पलीकडे गेलेल्या व्यक्ती, एक. साधन, पाय. फलित, घबराट. सध्या त्या जागी लोकसहभागातून पूल झालेला आहे, तोही शून्य खर्चात. सबब निधीची गरज उरलेली नाही. अशी उत्तम कामगिरी लक्षात घेता सुंबरलेगीने पुढच्या वर्षीही निधीशिवाय उद्दिष्ट गाठावं, अशी अपेक्षा. केदुंगलोच्या पुलावरून मात्र एका सकाळी तीनशेहून जास्त माणसं गेली, क्षमतेच्या दुप्पट. तो रुंद करावा. शिफारस मंजूर.

"सुगेंगलाच!" मार्दियो म्हणाला. "माझ्या मयतीवर सुगेंगचा पूल रुंद!"

पण आता त्याच्याजवळ स्वतःचा पूल होता. मयतीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी तो बांबूच्या पुलावरून पलीकडे गेला होता. फुलं ताजी होती. शेजारी केळीच्या खांबाची माती अजून ओलसर होती. त्याने लास्त्रीला सगळं सांगितलं, प्रिंटरपासून. बोलून झाल्यावरही बराच उजेड उरला होता. इतक्या लवकर घरी जाऊन काय करायचं ते त्याला सुचेना. असे चार गुरुवार गेले. पाचव्या गुरुवारी परत जाताना त्याचे पाय लांबच्या वाटेला लागले.

सुगेंग ओसरीवर होता. त्याने मार्दियोला येताना पाहिलं, आणि तोंड फिरवून सिगारेट ओढत राहिला. बोलावलं नाही.

मार्दियो पायरीशी थांबला. तीन वर्षं ज्याला नाही म्हटलं ते बोलावणंच आलं नाही, तेव्हा काय म्हणायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, पाक मार्दियो," बू सुगेंग आतूनच म्हणाल्या. "तुमच्या मयतीपासून रुसलेत."

"माझ्यावर? पूल तर यांचा रुंद होणार."

"पुलाचं नाही हो. गर्दीचं. त्या दिवसापासून रोज विचारतात, माझ्या वेळी किती येतील? मी म्हटलं, आधी मरून तरी दाखवा, मग मोजू."

"तू गप गं!" सुगेंग ओरडला. मग मार्दियोकडे न बघता पुटपुटला, "तीनशे माणसं. निर्देशक नाही, आराखडा नाही, डब्याच्या आशेनेसुद्धा कुणी आलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या वेळी याच्या निम्मीसुद्धा नव्हती."

मार्दियोने चपला काढल्या. तीन पायऱ्या चढला आणि ओसरीवर सुगेंगच्या शेजारी बसला. आत भांड्यांची एकच धांदल उडाली. बू सुगेंग कुणाला तरी दबक्या आवाजात "अगं बाई, खरंच बसले!" म्हणत होत्या. कॉफी यायला वेळ लागला, पण आली.

पहिला घोट घेऊन मार्दियो म्हणाला, "तुमच्या वेळी मी येईन, पाक सुगेंग. एक धरा."

सुगेंगने सिगारेट विझवली आणि बराच विचार केला.

"कुठल्या पुलावरून याल?"